लोखंडाचं सोवळं

आमच्या भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. तिच्या दाराशी भले भले लोक कमरेचा पट्टा काढत. किल्ल्या, नाणी, हातातलं कडं, खिशातलं पेन, सगळं बाहेरच्या लाकडी फळीवर ठेवायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. कोणी कुरकुर केली की आतून माझ्या संशोधक विद्यार्थिनीचा आवाज यायचा, "बकल लोखंडाचं का पितळंचं, ते मला सांगू नका सर. काढा अन् या." विद्यापीठातून तपासणीला आलेले एक वजनदार गृहस्थ एका हाताने पँट सावरत सूक्ष्मदर्शकात डोकावत होते, ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिने स्वतःला तरी कुठे सूट दिली होती? साडीला एकही पिन नसायची. पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि केस दोऱ्याने बांधलेले.

पोरं तिला सोवळेबाई म्हणत. हे नाव पोरांनी ठेवलं असं सगळे समजतात. ते खरं नाही. पहिल्यांदा पट्टा काढताना मीच वैतागून म्हणालो होतो, "अगं, हे काय लोखंडाचं सोवळं मांडलंयस?" बाहेर उभ्या असलेल्या पोरांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून नाव चिकटलं. ती रागावली नाही. हसून एवढंच म्हणाली, "आमच्या घराला सोवळं कोनी शिकिवलं न्हाई सर. माझं मीच शिकले."

तिचं गाव लिंबागणेशच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला जायचे आणि ही वसतिगृहात राहायची. आमच्याकडेच बी.एस्सी. झाली, बाहेर जाऊन एम.एस्सी. करून आली, मग आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवू लागली आणि माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी.ला बसली. मार्गदर्शन हा कागदावरचा शब्द. या विषयातलं जे काही मला समजलं, ते बहुतेक तिच्याकडूनच.

तो विषय थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मॉलिब्डेनम आणि गंधक मिळून झालेला एक काळा, चकचकीत खनिज दगड असतो. त्याचे थर एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. त्याला चिकटपट्टी लावून ओढली की पापुद्रा निघतो, त्या पापुद्र्याला पुन्हा पट्टी लावली की आणखी पातळ निघतो. असं करत करत शेवटी एकाच थराचा पापुद्रा मिळतो. त्याहून पातळ केलं तर तो पदार्थच उरणार नाही, इतका पातळ. हा दगड काही लोहचुंबक नव्हे. पण पापुद्रा बेताने तापवला तर त्यातले काही अणू उडून जातात, जागा रिकाम्या पडतात, आणि त्या रिकाम्या जागांभोवती फार क्षीण चुंबकत्व जागं होत असावं, असं जगभर काहीजण म्हणत होते. तिला ते स्वतः पाहायचं होतं. आणि ते इतकं क्षीण की डोळ्याला न दिसणारा लोखंडाचा कण जवळ पडला तर मोजणीत त्या कणाचंच चुंबकत्व दिसणार. म्हणून ते सोवळं.

वर्गात ती हे ज्या तऱ्हेने सांगायची, तसं मला कधी जमलं नाही. एकदा मी दाराशी उभा होतो. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "मॅडम, जिथं कायच न्हाई तिथं चुंबक कुठून येतंय?"

"तुज्या वावरात ज्वारी हाय ना?"

"हाय की."

"नांगी पडली तर काय करतोस?" पेरलेल्या ओळीत जिथे बी उगवत नाही, त्या मोकळ्या जागेला आमच्याकडे नांगी म्हणतात.

"बी टोचून भरतो मॅडम."

"भरतोस कावून? एखांदी तशीच ठिव. शेजारची ताटं बघ कशी माजत्यात. बाजूला मोकळी जागा झाली की शेजारी पयल्यासारखा राहत न्हाई. अणूचं बी तेच."

"मॅडम, आमच्या शेजाऱ्यानं बांध कोरलाय. तो बी चुंबक झाला का मंग?"

"तो आधीपासूनच हाय. रोज तुज्या बापाचं डोकं वडून घेतो ना?"

वर्ग हसला आणि तीही हसली. तेव्हापासून आमच्या विभागात अणूच्या रिकाम्या जागेला सगळे नांगीच म्हणू लागले. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही एकाने लिहिलं होतं. मी गुण कापले, तिने ते परत द्यायला लावले.

पापुद्रा काढताना ती पंखा बंद करायची. एप्रिल-मे महिन्यातलं बीडचं ऊन, वर पत्र्याची खोली, आणि ही पट्टीवर वाकून श्वास रोखून बसलेली. पट्टी ओढायची तिची गती ठरलेली असे, भाकरीचा पापुद्रा न फाटता उचलावा तशी. मग पट्टी सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर दाबायची, सोडवायची आणि चकती भिंगाखाली ठेवायची. बहुतेक वेळा काहीच मिळत नसे. कधीतरी ती डोळा काढून बाजूला सरकायची आणि म्हणायची, "घावला सर. बघा. पर हळू बघा." जणू जोरात पाहिलं तर तो फाटेल. मी वाकून पाहायचो. फिकट निळसर, सावलीची सावली असावी तसं काहीतरी दिसायचं. मला त्यात फार काही कळत नसे, पण तिचा चेहरा पाहून मीही खूश व्हायचो.

एक वाक्य तिच्या तोंडी कायम असे, "आधी आपला हात तपासायचा." प्रयोग फसला की आम्ही वीज मंडळाला, यंत्राला, संस्थेला शिव्या द्यायचो. ती उठून हात धुवायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. एका सहकाऱ्याने टोमणा मारला, "बाई, हात धुऊन धुऊन भाग्यरेषा जाईल." त्यावर ती म्हणाली, "जाऊ द्या. तिनं आजवर काय दिलंय?"

पहिल्या मोजणीसाठी असे बरेच पापुद्रे जमलेली चकती दूरच्या शहरातल्या एका मोठ्या संस्थेत न्यायची होती. आम्ही दोघे बसने निघालो. चकतीची प्लॅस्टिकची डबी तिने सुती फडक्यात गुंडाळून पूर्ण प्रवासभर मांडीवर धरली. जेवणाचा डबा स्टीलचा नको म्हणून भाकरीही फडक्यातच होती. मोजणी झाली. चुंबकत्व दिसलं. अगदी थोडं, पण स्पष्ट. तिथल्या तज्ज्ञाने मान हलवून "चांगलं आहे" म्हटलं तेव्हा ती काहीच बोलली नाही.

बोलली ती परतीच्या वाटेवर, मांजरसुंब्याच्या ढाब्यावर चहा पिताना. "सर, आईला काय सांगू?"

"सांग, चुंबक सापडला म्हणून."

"ती म्हनंल, येवढं शिकलीस अन् चुंबक हुडकलास व्हय? बाजारात मिळतंय की." आणि ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले वळून पाहू लागले. त्यानंतर तिला तसं हसताना मी कधी पाहिलं नाही.

आम्ही निबंध लिहून एका नियतकालिकाकडे पाठवला. त्यांनी पुन्हा एकदा मोजणी करून पाठवा म्हणून सांगितलं. या मधल्या काळात जे झालं, ते मी कित्येक वर्षं कोणालाही सांगितलं नाही.

तिचे आईवडील साखर कारखान्याचा हंगाम संपवून गावी परतले होते आणि ती त्यांना भेटायला गेली होती. त्या दिवशी आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब पाहुण्यांना घेऊन महाविद्यालय दाखवत आमच्या विभागात आले. मागच्या खोलीच्या दाराशी मी थांबलो आणि फळी दाखवली. साहेब हसले. "आम्हाला पण सोवळं का, सर?" पाहुणेही हसले. माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला कसलं सोवळं साहेब, या ना." सगळे तसेच आत आले, किल्ल्या, पट्टे, अंगठ्या, सगळ्यासकट.

साहेबांना तो जगातला सर्वांत पातळ चुंबक पाहायचा होता. तिचा प्लॅस्टिकचा चिमटा तिच्या कुलूपबंद खणात होता. मी पुढच्या प्रयोगशाळेतून नेहमीचा स्टीलचा चिमटा आणला, डबी उघडली, चकतीची कड त्यात धरून उचलली आणि खिडकीच्या उजेडात तिरपी केली. "यात दिसत तर काहीच नाही," साहेब म्हणाले. मी म्हणालो, "तेच तर वैशिष्ट्य आहे साहेब." सगळे खूश झाले. मी चकती परत डबीत ठेवली. ती आधी दिसत होती तशीच दिसत होती.

ती गावाहून आल्यावर मी तिला सांगायला हवं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर ती फार तर "अर्रर्र सर" म्हणाली असती आणि नवी चकती करायला बसली असती. पण त्या "अर्रर्र"ची मला लाज वाटली. एवढ्याशा स्पर्शाने काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. भौतिकशास्त्र शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने असं समजावलं.

दुसऱ्या मोजणीत चुंबकत्व पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आलं. मी विभागात पेढे वाटले. तिने पेढा हातात धरला, पण खाल्ला नाही. "सर, हे लई झालं. चकती तीच, नांग्या त्याच. मंग वाढलं कशानं?"

"अगं, चांगलं आलंय तर आनंद मान."

"इतकं चांगलं असतंय का कुठं? लोखंड हाय का ते तपासू. आधी आपला हात."

नको म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. तपासणी तिने स्वतः मागितली, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोकांनी असं पसरवलं की ती पकडली गेली. तपासणीत चकतीच्या कडेला लोखंड निघालं. तो अहवाल तिने माझ्यासमोर वाचला. तिला कळेना ते कुठून आलं. मला त्याच क्षणी कळलं.

निबंध मागे घेतला. महाविद्यालयाने चौकशीसाठी एक बैठक बोलावली. तिथे मला विचारण्यात आलं, नमुना कोण हाताळत असे? मी म्हणालो, "सर्व हाताळणी संशोधक विद्यार्थिनीची." आणि तसंच लिहून सही केली. एक सदस्य गमतीत म्हणाले, "बाई मधे गावाला गेल्या होत्या म्हणे. घरी कोयते असणार. तिथूनच आलं असेल लोखंड." खोलीत हशा पिकला. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. ती उभी होती. ती म्हणाली, "असंल. माझ्याच हातून झालं असंल. पर कुठं चुकलं ते मला घावंना."

मी का गप्प बसलो? बोललो असतो तर अध्यक्षसाहेबांचं नाव निघालं असतं आणि माझ्या निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. हे एक कारण. पण त्याहून मोठं कारण निराळं होतं. ज्या शिस्तीला मी सोवळं म्हणून हसलो, ती शिस्त बरोबर होती आणि ती मोडणारा मी होतो, हे माझ्याच्याने तिच्यासमोर कबूल करवेना.

लोखंड लागलेला नमुना पाठवणाऱ्यांना पुन्हा वेळ द्यायला त्या मोठ्या संस्थेने नकार दिला. मोजणीच होणार नसेल तर नवी चकती करून उपयोग काय? पुढच्या वर्षी तिची तासिकांची नेमणूकही झाली नाही. शेवटच्या दिवशी ती माझ्या पाया पडायला आली, तेव्हा तिच्या खांद्यावर पदराला पिन लावलेली होती. माझं लक्ष तिथे गेलेलं तिने पाहिलं. "आता काय हरकत हाय सर," असं म्हणाली आणि गेली.

त्यानंतरची वर्षं मी निवांत घालवली असं म्हणणार नाही, पण घालवली. निवृत्त झालो, सत्कार झाला, भाषणांत शिस्तीचे प्राध्यापक म्हणून माझा उल्लेख झाला. मग गेल्या हिवाळ्यात एक जुना विद्यार्थी भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, "सर, सोवळेबाई आमच्याकडंच शाळेवर हायत, कपिलधारच्या बाजूला. लई भारी शिकिवत्यात. प्रयोगाच्या तासाला पोरांना स्वतःचीच चूक सांगत्यात. म्हनत्यात, मी एकदा माझा हात नीट तपासला न्हाई, म्हनून माझं काम वाया गेलं."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि शाळेचा पत्ता विचारून घेतला.

महाविद्यालयाला मी आता नावानिशी लिहून दिलं आहे. त्याचं तिथे काय होईल ते होवो. पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो, सोवळेबाई म्हणून हसणारे तुम्ही सगळे होता, तुमच्यातले बरेचजण आज शिक्षक आहात, आणि बाईंनी घोळ घातला होता हेच तुमच्या लक्षात राहिलं आहे. म्हणून हे तुमच्यासाठी लिहितो. तिने घोळ घातला नव्हता.

मी तिच्या शाळेवर गेलो. सुट्टी झाली होती. तिच्या केसांत पांढरे आले होते. "सर! येवढ्या लांब? फोन तरी करायचा," असं म्हणत तिने ओसरीवर खुर्ची टाकली. तिने चहा आणायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. साहेब, पाहुणे, चिमटा, सही. ती ओरडेल, रडेल, निघा म्हणेल, या सगळ्याची मी तयारी केली होती.

ती म्हणाली, "पयल्या मोजणीच्या आधी का नंतर?"

"नंतर."

"नक्की?"

"नक्की. पहिली मोजणी झाली तोवर त्या चकतीला तुझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता."

ती पायरीवर खाली बसली. "म्हंजे ते पयलं खरं व्हतं," असं पुटपुटली. माझ्याशी नव्हे. मग म्हणाली, "तुमाला सांगू का सर? येवढी वर्सं मी हुडकतेय. पिन व्हती का, बोरच्या पान्यात लोखंड व्हतं का, बसच्या दांड्याला हात लावून तसाच चकतीला लावला का. सपनात बी तेच."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने हाताने थांबवलं. "त्या बैठकीतलं बोलनं आमच्या गावात पोचलतं. आईच्या कानावर गेलं. ती शेवटपर्यंत म्हनायची, तू आलीस तवा मी कोयता वसरीतून हलिवला असता तर तुजी डिग्री झाली असती. मी म्हनायची, न्हाई गं आई, तुजा काय संबंध. पर माझीच मला खात्री नव्हती, तिला कुठून पटंल? मागल्या साली गेली ती." मग ती म्हणाली, "मागल्या साली बी आला असता तुमी, तरी चाललं असतं सर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला घरी जाणं सोपं गेलं असतं.

मग तिने चहा केला. आम्ही तो प्यालो. मी निघालो तशी तीही फाट्यापर्यंत सोबत आली. रस्त्याकडेला गाडीची वाट पाहत आम्ही उभे होतो. अचानक तिने माझ्याकडे वळून विचारलं, "सर, चिमट्यानं कुठं धरलंतं? एकाच कडेला का?"

"एकाच. एका कोपऱ्यापाशी."

"अन् अहवालात बी लोखंड कडेलाच व्हतं." तिचा आवाज बदलला. मागच्या खोलीत पट्टी सोडवून चकती भिंगाखाली सरकवताना असायचा, तो आवाज. "म्हंजे मधले अन् पलीकडचे पापुद्रे चोख असतील सर. कड कापून टाकायची, बाकीचं पुन्ना मोजायचं. आता लई ठिकाणी मशिनी आल्यात, कोनी बी देईल वेळ. एक पापुद्रा मिळाला तरी बास. चकती कुठं हाय सर?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत आलेली ती चमक मी कित्येक वर्षांनी पाहत होतो.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी ती खोली संगणकांसाठी रिकामी केली. कपाटातलं सामान बाहेर काढलं तेव्हा डबी माझ्या हातात आली होती. मी ती ओळखली. खिशात सहज मावली असती. पण ती डबी असेपर्यंत कोणीतरी कधीतरी तपासेल, ही धास्ती होती. मी ती कचऱ्याच्या ढिगात टाकली आणि ढीग उचलला जाईपर्यंत तिथे उभा राहिलो.

"टाकली," मी म्हणालो. "मीच टाकली. मुद्दाम."

घाटाकडून गाडीचा आवाज आला. तिने हात करून गाडी थांबवली, दार उघडून धरलं, आणि मी आत बसेपर्यंत धरून ठेवलं. तेवढ्या वेळात तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.